नारळीकर, महास्फोट आणि आमच्या टाळ्या

मे महिन्यात वरणगावात रात्री घरात झोपणं म्हणजे शिक्षाच. संध्याकाळी गच्चीवर चार बादल्या पाणी मारायचं, वाफ निघून जाऊ द्यायची आणि मग गाद्या टाकायच्या. २० मे २०२५ च्या रात्री असाच गच्चीवर पडलो होतो. जयंत नारळीकर पुण्यात गेल्याची बातमी सकाळीच आली होती आणि दिवसभर मोबाईल वाजत होता. श्रद्धांजलीचे निरोप. त्यातल्या निम्म्यांत एकच वाक्य फिरून फिरून येत होतं : महास्फोटाच्या सिद्धांताला आव्हान देणारा आपला मराठी शास्त्रज्ञ. दोन-तीन जणांनी त्याला शेपूटही जोडलं होतं. म्हणजे बघा, आपल्या ऋषींनी सांगितलेलं कल्पांचं चक्रच शेवटी खरं, विश्वाला सुरुवात नाही हे नारळीकरांनीच सिद्ध केलं, वगैरे.

माझी झोप उडाली. कारण आमच्या गावात तरी हे शेपूट जोडणाऱ्यांपैकी मी एक होतो.

२००९ साल हे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष म्हणून साजरं झालं, आठवत असेल. त्या वर्षी गणेशोत्सवात एका मंडळाने माझं भाषण ठेवलं होतं. मी काही शास्त्रज्ञ नाही. सगळी नोकरी ऑर्डनन्स फॅक्टरीत, तीही इन्स्पेक्शनला. काडतुसं मोजायची, पास करायची, रिजेक्ट करायची. पण चार पुस्तकं वाचतो म्हणून गावात नाव. मी तिथे ठणकावून सांगितलं की विश्व एका स्फोटातून जन्मलं ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे, आपल्या नारळीकरांनी ती खोडून काढली आहे, आणि आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं. काय टाळ्या पडल्या! तशा टाळ्या मला रिटायर होताना निरोपाच्या दिवशीही मिळाल्या नाहीत.

त्या गर्दीत गल्लीतला एक हुशार मुलगा बसला होता. पुढे तो बी.एस्सी. झाला, फिजिक्स घेऊन. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी मुलाखतीला गेला तेव्हा विश्वाच्या वयाचा विषय निघाला आणि याने माझं वाक्य तिथे फेकलं. समोरच्याने शांतपणे विचारलं, "बरं, मग सगळ्या आकाशातून येणाऱ्या मायक्रोवेव्ह प्रारणाचं नारळीकर काय स्पष्टीकरण देतात?" पोरगा गप्प. गावी आल्यावर मला म्हणाला, "काका, मला फक्त नाव माहीत होतं हो. पुढचं काहीच नाही." चिडला नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. प्रवेश मिळाला नाही. कारण तेवढंच असेल असं मी म्हणत नाही, पण ते वाक्य माझं होतं आणि त्याच्यापुढचं मलाही माहीत नव्हतं.

तेव्हापासून जमेल तसं वाचत आलो. आणि जे वाचलं त्यावरून आज एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे. नारळीकरांचा विश्वाच्या उत्पत्तीबद्दलचा सिद्धांत, निदान आजच्या पुराव्यांपुढे, हरला. आणि हे म्हणायला आपण मराठी माणसं का कचरतो हे मला कळत नाही. कुस्तीत आपला पैलवान कोणाशी लढला एवढंच सांगून निकाल गाळायचा, तशातला हा प्रकार झाला!

आता तुम्ही म्हणाल, माणूस जाऊन किती दिवस झाले, आणि हे काय बोलणं? थांबा जरा.

आधी तो लढला कशासाठी ते बघू. एडविन हबलने १९२९ साली दाखवलं की दीर्घिका आपल्यापासून लांब पळताहेत, आणि जितकी लांबची तितकी वेगाने. मग हिशेब उलटा फिरवला की सगळं एकत्र कधी होतं ते निघतं. हबलच्या आकड्यांवरून हे वय यायचं साधारण २ अब्ज वर्षं. गंमत अशी की पृथ्वीवरचे खडकच त्याहून जुने निघत होते. पोराचं वय बापापेक्षा जास्त! तेव्हा १९४८ मध्ये हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉईल या तिघांनी म्हटलं की ही सुरुवातीची भानगडच नको. विश्व प्रसरण पावतंय, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य अगदी थोडं थोडं तयार होत राहतं, त्यामुळे एकंदर चित्र सदासर्वकाळ तेच. हा स्थिर स्थिती सिद्धांत. 'बिग बँग' हे नावसुद्धा हॉईलने १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर बोलताना दिलेलं. विरोधकाने ठेवलेलं नाव बाळाला चिकटलं ते कायमचंच.

म्हणजे शंका घेणं वेडेपणाचं नव्हतं. त्या वेळच्या आकड्यांत खरोखरच खोट होती. १९५२ मध्ये वॉल्टर बाडेने अंतरं मोजायच्या पट्टीतली चूक काढली आणि विश्वाचं वय एका झटक्यात दुप्पट झालं. पुढे ते वाढतच गेलं.

कोल्हापूरला जन्मलेला आणि बनारसला वाढलेला हा तरुण १९५७ ला केंब्रिजला गेला, पुढे हॉईलचा विद्यार्थी झाला. १९६४ मध्ये हॉईल-नारळीकर सिद्धांत आला आणि १९६५ ला, सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या वयात, पद्मभूषण. पण याच सुमाराला, १९६४-६५ मध्ये, अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांना आपल्या अँटेनात एक खरखर ऐकू येत होती. कुठल्याही दिशेला तोंड करा, तीच. कबुतरांची विष्ठा साफ करूनही ती गेली नाही. ती निघाली विश्वाच्या तरुणपणीची ऊब, आता निवून उणे २७० अंशांवर आलेली. (आपण जुन्या टीव्हीवर चॅनल नसताना 'मुंग्या' बघायचो ना, त्या मुंग्यांतही तिचा थोडासा हिस्सा असायचा. छायागीताआधी अँटेना फिरवताना मी विश्वाच्या बालपणाला शिव्या घालत होतो म्हणायचं.)

महास्फोटवाल्यांनी अशी ऊब असणार हे आधीच सांगून ठेवलं होतं. स्थिर स्थितीवाल्यांना तिचं काय करायचं ते कळेना. बहुतेकांनी तिथेच नाद सोडला. हॉईल आणि नारळीकरांनी सोडला नाही. १९९३ मध्ये जेफ्री बर्बिजला बरोबर घेऊन त्यांनी सुधारित मांडणी केली. विश्व एकदाच नाही तर ठिकठिकाणी छोट्या छोट्या 'लघुस्फोटां'नी द्रव्य निर्माण करतं, आणि सुमारे ५० अब्ज वर्षांच्या फेऱ्यांत फुगतं-आकसतं. मायक्रोवेव्हची ऊब ही जुन्या ताऱ्यांचाच प्रकाश आहे, लोखंडाच्या बारीक सुयांसारख्या धुळीने शोषून पुन्हा बाहेर टाकलेला. पण 'कोबे', 'डब्ल्यूमॅप' आणि 'प्लँक' या उपग्रहांनी त्या उबेचं जे बारीक मोजमाप केलं, तिच्यातले सूक्ष्म चढउतार टिपले, ते महास्फोटाच्या हिशेबाशी फार नेटकं जुळतं. सुयांच्या गोष्टीत ते तितकं सरळ बसत नाही. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी म्हणूनच ती स्वीकारली नाही. माझ्या तोकड्या समजुतीप्रमाणे त्यांचं बरोबर आहे.

पण बघा, या माणसाने आपल्या सिद्धांताला मारायचं हत्यारही स्वतःच लोकांच्या हाती दिलं. आपलं म्हणणं खरं असेल तर आधीच्या फेरीतले, महास्फोटाच्या वयापेक्षा कितीतरी जुने, बारके तारे सापडले पाहिजेत असं त्यांनी सांगितलं. शोधा म्हणाले. ते तसे सापडलेले नाहीत. २०१३ मध्ये एका ताऱ्याचं वय १४.५ अब्ज वर्षं निघालं म्हणून गाजावाजा झाला होता, पण त्या आकड्यातच ८० कोटी वर्षांची मागेपुढे चूक धरलेली होती, आणि नंतरच्या मोजमापांत ते वय खाली आलं. आता मला सांगा, आमच्या टाळ्या पिटणाऱ्यांपैकी, म्हणजे माझ्यासकट, कोणी कधी म्हटलंय का की अमुक सापडलं नाही तर मी माझं म्हणणं मागे घेईन?

विज्ञान रोज बदलतं, आपलं शास्त्र बदलत नाही. हे वाक्य मी मागे एका कार्यक्रमात ऐकलं आणि ते बोलणाऱ्यांना सगळ्यांनी हात जोडले. मला राग आला तो या वाक्याचा. आमच्या फॅक्टरीत जो गेज कधीच कॅलिब्रेशनला जात नाही त्याला आम्ही विश्वासू म्हणत नसू. तो मोडीत टाकत असू.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार बघा. उल्का पडून झालेलं ते विवर. ते साधारण ५२ हजार वर्षांचं असं एका पद्धतीने निघालं होतं, बरीच वर्षं तोच आकडा सगळीकडे छापून यायचा. मग आर्गॉनच्या पद्धतीने मोजलं तर २०११ च्या शोधनिबंधात ५ लाख ७० हजार वर्षं आलं. दसपटीपेक्षा जास्त फरक! पण म्हणून कोणी असं म्हटलं का, की शास्त्रज्ञ चुकले तेव्हा विष्णूने लवणासुराला मारलं तीच खरी गोष्ट? नाही म्हटलं. लोणारच्या बाबतीत आपल्याला लगेच कळतं की एका मोजणीची चूक दुसऱ्या मोजणीनेच पकडली. विश्वाच्या बाबतीत मात्र शास्त्रज्ञांचा आकडा हलला रे हलला की आपण थेट पोथी उघडतो.

बरं, पोथी तरी नीट उघडतो का? सारखं सांगितलं जातं की कल्प ४३२ कोटी वर्षांचा आणि विज्ञान पृथ्वीचं वय ४५४ कोटी सांगतं, म्हणजे जमलंच की! अहो, पण ४३२ कोटी हा ब्रह्मदेवाचा अख्खा दिवस. त्यातला आजवर गेलेला भाग परंपरेप्रमाणेच सुमारे १९७ कोटी वर्षं. आपण संकल्प सोडताना वैवस्वत मन्वंतर म्हणतो ना, ते चौदातलं सातवं, दिवस अजून अर्धासुद्धा व्हायचाय. तेव्हा पूर्ण दिवसाची लांबी घेऊन ती पृथ्वीच्या वयाशी जुळवणं म्हणजे लग्नाला किती वर्षं झाली विचारल्यावर माणसाचं आयुर्मान सांगण्यासारखं आहे. मी स्वतः २००९ ला हीच तुलना केली होती. कोणी पकडलं नाही. हे आणखी वाईट!

आणि याच विषयावर आमच्याच जिल्ह्यात एक जबरदस्त साक्षीदार आहे. चाळीसगावजवळ पाटण, पाटणादेवीचं. तिथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. त्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. त्यात ब्रह्मदेवाचं किती आयुष्य सरलं हा प्रश्न येतो. ते काय म्हणतात माहीत आहे? काही म्हणतात अर्धं गेलं, काही म्हणतात साडेआठच वर्षं झाली. परंपरा कोणतीही असो, आपल्याला तिचा उपयोग नाही, ग्रहगणित करायचं ते चालू दिवसाच्या गेलेल्या भागावरून. बस्स! नऊशे वर्षांपूर्वीचा हा माणूस, श्रद्धावान, कल्पही मानणारा, पण जे मोजता येत नाही त्यावर वेळ घालवत नाही. पृथ्वीला कोणीतरी खालून धरलंय म्हणणाऱ्यांनाही त्यांनी विचारलंय की मग त्या धरणाऱ्याला कोण धरतं. आम्ही पाटणला सहलीला जातो, देवीचं दर्शन घेतो, भरीत-पुरी खातो आणि परत येतो.

हा रोग फक्त आपलाच नाही, हेही सांगितलं पाहिजे. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी जाहीर केलं की विश्वाला सुरुवात होती असं विज्ञान म्हणतं, म्हणजे बायबलातल्या निर्मितीला दुजोराच मिळाला. यावर सगळ्यात जास्त अस्वस्थ कोण झालं असेल? जॉर्ज लमेत्र. महास्फोटाची कल्पना ज्याने मुळात मांडली तो बेल्जियन शास्त्रज्ञ, आणि तो स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता! असं करू नका, सिद्धांत उद्या बदलला तर काय कराल, अशी त्याची भूमिका होती. पोपनेही पुढे तो सूर लावला नाही. तिकडे महास्फोट धर्माच्या दावणीला बांधला जात होता, इकडे महास्फोटाचा विरोध. बैल वेगळे, दोरी तीच.

आता दुसऱ्या बाजूलाही थोडं बोललं पाहिजे, नाहीतर माझे विज्ञानवाले मित्र फार खूश होतील. माझ्या नातीने शाळेत विचारलं, "विश्व १३.८ अब्ज वर्षांचं आहे हे कशावरून?" उत्तर मिळालं, पुस्तकात आहे तेवढं पाठ कर. काय फरक राहिला मग? एकाने पोथी दाखवली, एकाने पाठ्यपुस्तक.

आणि शंकेला जागा आहेच की. विश्वाचा जवळपास ९५ टक्के भाग कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा या नावांचा आहे आणि ते नेमकं काय आहे हे कोणालाच माहीत नाही. कृष्णद्रव्याचा कण अजून कोणाच्या हाती लागलेला नाही. २०१४ मध्ये विश्वाच्या पहिल्या क्षणाच्या लहरी सापडल्या म्हणून जगभर जल्लोष झाला आणि वर्षाच्या आत कळलं की ती आपल्याच आकाशगंगेतली धूळ होती. असं असताना विश्वाचं वय मात्र १३.८ अब्ज, मागेपुढे फक्त दोन-अडीच कोटी वर्षं! हे ऐकून माझ्यातला इन्स्पेक्टर जागा होतो. एकच गेज दहा वेळा लावून दहाही वेळा तोच आकडा आला याचा अर्थ गेज बरोबर आहे असा होत नाही, फक्त तो एकसारखा बोलतो एवढाच होतो. ती दोन-अडीच कोटींची मर्यादा 'मॉडेल बरोबर धरलं तर' या अटीवर आहे, आणि ही अट बातमीत कधीच छापत नाहीत.

नारळीकरांचं दुखणं हेच होतं. प्रत्येक अडचणीला एक नवं ठिगळ, आणि ज्याला ठिगळ पटत नाही त्याला दुर्बिणीवर वेळ नाही, पैसा नाही. २००४ च्या मे महिन्यात 'न्यू सायंटिस्ट'मध्ये शास्त्रज्ञांचं एक खुलं पत्र आलं होतं, त्यावर बाँडी आणि गोल्ड यांच्यासह नारळीकरांचीही सही होती. मागणी साधी होती, वेगळ्या वाटेने जाणाऱ्यांनाही संशोधनाचा पैसा द्या. हे मला आजही पटतं. त्यांचा सिद्धांत न पटताही पटतं.

आज तर दोन गेज खरोखरच भांडताहेत. प्लँक उपग्रहाच्या उबेवरून विश्वाच्या प्रसरणाचा दर निघतो ६७ च्या आसपास. जवळच्या ताऱ्यांवरून, स्फोट पावलेल्या ताऱ्यांवरून मोजला तर ७३. बाकी काही न बदलता नुसता हा दर बदलला तर वयात जवळपास अब्जभर वर्षांचा फरक पडतो. वर्षानुवर्षं माणसं दोन्ही गेज पुन्हा पुन्हा तपासताहेत. २०२२ पासून जेम्स वेब दुर्बिणीला फार लांबच्या, म्हणजे फार जुन्या काळातल्या दीर्घिका अपेक्षेपेक्षा जास्त आणि जास्त तेजस्वी दिसल्या. लगेच त्याच वर्षी 'महास्फोट झालाच नाही' असा लेख जगभर फिरला. आमच्याकडेही फिरला. दीर्घिका लवकर कशा घडल्या हा प्रश्न खरा आहे. पण दीर्घिका घडण्याचा वेग चुकला म्हणजे विश्वाचं प्रसरणच खोटं, असं होत नाही. भुसावळहून निघालेली गाडी जळगावला वेळेआधी पोचली म्हणून रूळच नाहीत असं कोणी म्हणेल का? २०२३ मध्ये ओटावा विद्यापीठातल्या राजेंद्र गुप्ता यांनी याच दीर्घिकांवरून विश्वाचं वय २६.७ अब्ज वर्षं काढलं. फार जणांनी मानलं नाही. पण त्यांनी आकडा दिला, गणित दिलं, छापून आणलं, आता इतरांनी ते तपासावं. शंका घ्यायची तर अशी!

आणि ज्यांना नारळीकर फक्त महास्फोटाचे विरोधक म्हणून हवे असतात, त्यांना त्यांचा २००८ चा प्रयोग कुठे आठवतो? नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीबरोबर त्यांनी २०० मुलांच्या कुंडल्या जमवल्या. निम्मी मुलं हुशार, निम्मी मतिमंद. ज्योतिषांना सांगितलं, ओळखा. ५१ जण पुढे आले, निकाल पाठवले २७ जणांनी. प्रत्येकाला ४० कुंडल्या. बरोबर उत्तरं आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती! म्हणजे महास्फोटाला जो प्रश्न तोच पत्रिकेला. पहिल्याला टाळ्या वाजवून दुसऱ्याला आपण कानाडोळा केला.

असो. परवा तोच मुलगा भेटला, आता चांगल्या नोकरीत आहे. मी त्याला म्हटलं, "त्या मुलाखतीतलं उत्तर सापडलं रे. लोखंडाच्या सुया." तो हसला. म्हणाला, "मला कधीच सापडलंय काका. ते चालत नाही तेही सापडलंय."

यंदाच्या गणेशोत्सवात नारळीकरांवर बोलाल का असं मंडळाने विचारलं होतं. हो म्हणालो. विषय कळवला : नारळीकर कुठे चुकले, आणि मी कुठे. जरा विचार करून सांगतो म्हणाले. अजून निरोप आलेला नाही.